जाळी हातात घेतलेला संत लॉरेन्स : इतिहास किती, दंतकथा किती?

आचाऱ्याचा मुलगा, कोल्हापूर

सप्रेम नमस्कार.

आमचा कोल्हापुरात लग्नकार्यांचे जेवण करून देण्याचा व्यवसाय आहे. वडील आचारी होते. आता सगळा कारभार माझ्याकडे आहे. माझे मामा बरीच वर्षे पणजीतील एका हॉटेलच्या भटारखान्यात होते. ते निवृत्त होऊन परतले तेव्हा तिथल्या सोबत्यांनी त्यांना एक तसबीर भेट दिली आणि मामांनी ती स्वतःच्या घरात न लावता आमच्या कोठीच्या दारावर लावली. चित्रात एक बिनदाढीचा तरुण आहे. अंगात गुडघ्यांखाली येणारा, सोनेरी काठाचा तांबडा अंगरखा, उजव्या हातात झावळीसारखे लांब पान, आणि डाव्या हाताशी लोखंडी सळयांची, दांडा असलेली जाळी. वांगी आणि पापड भाजायला आपण निखाऱ्यांवर जी जाळी ठेवतो तिचेच हे मोठे रूप आहे. चित्रातली त्या तरुणाच्या कमरेपर्यंत पोचते. आमची माणसे त्याला ‘जाळीवाला बाबा’ म्हणतात. खंडेनवमीला कढया, झारे, सुऱ्या आणि विळ्या घासूनपुसून मांडल्या की झेंडूचे एक फूल त्याच्या चौकटीलाही अडकवले जाते.

मामा सांगतात ती गोष्ट अशी. हा संत लॉरेन्स. रोमच्या बादशहाने त्याच्याकडे चर्चचा खजिना मागितला, तेव्हा त्याने शहरातले आंधळे, पांगळे, विधवा आणि भिकारी गोळा करून आणले व “हाच आमचा खजिना” असे सांगितले. संतापलेल्या बादशहाने त्याला जाळीवर आडवे करून खाली निखारे पेटवले. काही वेळाने तो म्हणाला, “ही बाजू भाजून झाली, आता उलटवा.” म्हणून तो स्वयंपाक्यांचा संत. तसबिरीच्या मागे एक जुना छापील कागद चिकटवलेला आहे, त्यावर बादशहाचे नाव डेसियस असे दिलेले आहे.

गेल्या आठवड्यात मुंजीचा बेत ठरवायला आलेल्या एका वाचनवेड्या गृहस्थांनी तसबीर पाहिली आणि हसून सांगितले की हा माणूस जाळीवर मेलाच नाही. कुणा लेखनिकाच्या हातून एक अक्षर गळाले आणि त्यातून ही जाळी निघाली. मामांना ते लागले. मला स्वतःला खरे काय ते समजून घ्यायचे आहे. लॉरेन्स नावाचा माणूस खरोखर होऊन गेला का, त्याचा शेवट कसा झाला, आणि त्या गळालेल्या अक्षराची काय भानगड आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

निवृत्त मास्तर

आपला प्रश्न चांगला आहे, आणि त्याचे उत्तर तीन थरांत द्यावे लागेल. कारण या संताविषयी त्याच्या काळातले लिखाण एक गोष्ट सांगते, शंभर-सव्वाशे वर्षांनंतरचे दुसरी, आणि मध्ययुगातले तिसरीच.

माणूस खरा आहे. रोममध्ये इसवी सन ३५४ च्या एका पंचांगवजा ग्रंथात हुतात्म्यांच्या पुण्यतिथ्यांची यादी आहे, आणि तिच्यात १० ऑगस्टला लॉरेन्सचे नाव तिबुर्तिना रस्त्यावरच्या दफनभूमीसह नोंदलेले आहे. आजही त्याच ठिकाणी, जुन्या तटाच्या बाहेर, त्याच्या नावाचे मोठे बासिलिका चर्च उभे आहे. पहिली वास्तू कॉन्स्टंटाइन बादशहाच्या काळातली. पुढे सहाव्या शतकात पोप दुसरे पेलाजियस यांनी तिथे नवे चर्च बांधले. दुसऱ्या महायुद्धात, १९ जुलै १९४३ रोजी, रोमवर झालेल्या बाँबफेकीत त्याची मोठी पडझड झाली होती.

त्याच्या मृत्यूची पार्श्वभूमीही पक्की आहे, कारण तिचा साक्षीदार समकालीन आहे. कार्थेजचा बिशप सिप्रियन याचे २५८ सालच्या ऑगस्टमधले एक पत्र उपलब्ध आहे. व्हॅलेरियन बादशहाने सिनेटला काय लिहून पाठवले आहे, याची पक्की खबर त्याने माणसे पाठवून मिळवली होती, आणि ती त्याने या पत्रात कळवली आहे. बिशप, धर्मगुरू आणि त्यांच्या खालच्या पदावरचे डीकन यांना तत्काळ मृत्युदंड द्यावा. सिनेटर आणि सरदार ख्रिस्ती असतील तर त्यांचा मानमरातब व मालमत्ता काढून घ्यावी आणि तरीही ते ऐकत नसतील तर त्यांनाही मारावे. कुलीन स्त्रियांची मालमत्ता जप्त करून त्यांना हद्दपार करावे. बादशाही नोकरांना बेड्या घालून सरकारी शेतीवर धाडावे. त्याच पत्रात पुढे आहे की रोमचे बिशप सिक्स्तुस यांना ६ ऑगस्टला दफनभूमीतच चार डीकनांसह मारण्यात आले. हे पत्र लिहिणाऱ्या सिप्रियनचाही १४ सप्टेंबरला तलवारीने शिरच्छेद झाला.

रोमच्या चर्चला तेव्हा सात डीकन असत. त्यांपैकी सहा सिक्स्तुसबरोबर किंवा त्याच दिवशी गेले आणि सातवा लॉरेन्स चार दिवसांनी गेला, अशी रोमची परंपरा आहे. आता हुकूम ‘तत्काळ’ असा होता आणि अशा हुकमाची रोमन रीत तलवारीची होती. म्हणून लॉरेन्सचाही शिरच्छेदच झाला असावा, असे आधुनिक अभ्यासकांपैकी अनेकांना वाटते.

तुमच्या त्या गृहस्थांनी सांगितलेला अक्षराचा मुद्दा १९०० साली पिओ फ्रांकी दे’ काव्हालिएरी या इटालियन विद्वानाने मांडला. हुतात्म्याच्या नोंदीत लॅटिनमध्ये ‘पास्सुस एस्त’ असे ठरावीक शब्द असतात, म्हणजे ‘त्याने यातना सोसल्या’. नकलाकाराच्या हातून पहिला ‘प’ गळाला की उरते ‘आस्सुस एस्त’, म्हणजे ‘तो भाजला गेला’. मोडी कागद वाचणाऱ्या कोणालाही ही शक्यता पटकन पटेल. एका कान्यामात्रेने गावाचे नाव बदललेले आम्ही पाहिले आहे. मला स्वतःला हा तर्क बराचसा पटतो.

राहिला तुमच्या कागदावरचा डेसियस. तो बादशहा २५१ सालीच लढाईत मारला गेला होता, तेव्हा २५८ मध्ये लॉरेन्सला शिक्षा देणे त्याच्या हातात नव्हते. मध्ययुगीन कथेने त्याला ओढून आणले आहे. तेराव्या शतकात संतचरित्रांचा प्रसिद्ध संग्रह करणाऱ्या याकोबुस दे व्होराजिने यालाही हा घोळ जाणवला होता आणि त्याने तशी चर्चाही केली आहे.

आजऱ्याची लेक

दादा, आम्ही मूळचे गोव्याचे, पण तीन पिढ्या आजऱ्यात गेल्या. आमच्या आजीच्या तोंडी हे नाव ‘सांव लॉरेन्स’ असे होते. गोव्यात आगशीचे चर्च याच संताचे आहे. कर्नाटकात कारकळजवळ अत्तूर येथे त्याचे मोठे तीर्थस्थान आहे. जानेवारीच्या अखेरीस तिथे जी यात्रा भरते तिला सर्व धर्मांचे लोक जातात, आणि २०१६ साली त्या चर्चला बासिलिकेचा दर्जा मिळाला. कोल्हापूर शहरात हे नाव फारसे ऐकू येत नाही, याचे कारण सोपे आहे. इथले जुने ख्रिस्ती काम १८५२ मध्ये आलेल्या रॉयल वाइल्डर यांच्या अमेरिकन मिशनपासूनचे, म्हणजे प्रॉटेस्टंट. त्यांच्या उपासनेत संतांच्या तसबिरींना आणि सणांना जागा नाही.

आपण चित्राचे जे वर्णन केले आहे त्यातली एकेक वस्तू खुणेची आहे. झावळी ही माडाची नसून खजुराच्या जातीच्या झाडाची आहे. रोमन लोक ती विजेत्याला देत, म्हणून हुतात्म्याच्या हातात ती असते. तांबडा रंग रक्ताचा. तो सैल अंगरखा मात्र डीकनचा खास पोशाख आहे. त्याला डाल्मातिका म्हणतात, आणि त्यावरून हा बिशप किंवा धर्मगुरू नव्हे हे लगेच ओळखता येते. काही चित्रांत त्याच्या हातात पैशाची थैली किंवा पुस्तकही असते.

एक शब्दही सुचवते. आमच्या मराठी धार्मिक पुस्तकांत ‘हुतात्मा’बरोबर ‘रक्तसाक्षी’ हा शब्द चालतो. इंग्रजी ‘मार्टर’च्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच ‘साक्षीदार’ असा आहे, त्यामुळे तो मला अधिक जवळचा वाटतो.

मास्तरांविषयी आदर ठेवून एवढेच विचारते, की एका अक्षराच्या चुकीवरून गावोगावच्या चर्चांत जाळी उभी राहिली, हे जरा अति सोपे होत नाही का?

ग्रंथकीट

ताईंची शंका रास्त आहे. अक्षर गळाल्याचा तर्क आकर्षक आहे, परंतु तो काळाच्या हिशेबात अडखळतो.

पोप दामासुस यांचा काळ ३६६ ते ३८४. हुतात्म्यांच्या थडग्यांवर त्यांनी संगमरवरात पद्यलेख कोरवून घेतले, आणि लॉरेन्सच्या लेखात फटके, जल्लाद, ज्वाला, यातना, साखळदंड अशी यादी देऊन या सर्वांवर लॉरेन्सच्या श्रद्धेनेच मात केली असे म्हटले आहे. म्हणजे मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांच्या आत, खुद्द रोममध्ये, खुद्द थडग्यापाशी, आगीची आठवण होती. जाळीचा उल्लेख मात्र त्यात नाही. जाळी आणि ते ‘उलटवा’ हे वाक्य प्रथम ठळकपणे दिसते ते मिलानचे बिशप अँब्रोझ यांच्याकडे, साधारण ३९० च्या सुमारास. अँब्रोझ यांच्या लॅटिनमधले वाक्य तर मामांच्या वाक्याहून तिखट आहे : “भाजून झाले, उलटव आणि खा.” त्या वाक्यात ‘भाजलेले’ या अर्थी तोच शब्द आहे, ज्याच्यावर इटालियन विद्वानाने सारी मदार ठेवली. एखाद्या नकलाकाराची चूक झाली असेलच तर ती दामासुस यांच्याही आधी, आणि रोमच्या लोकांना आपल्या शहरातल्या सर्वांत लाडक्या हुतात्म्याचा शेवट विसरायला लावण्याइतकी प्रभावी असली पाहिजे. मला ते जड जाते.

दुसरे असे की जाळीवर भाजण्याची शिक्षा कविकल्पना नव्हती. इतिहासकार युसेबियस हा डायोक्लेशन बादशहाने केलेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळाचा समकालीन होता. निकोमेडियाच्या राजवाड्यातल्या पीटर नावाच्या सेवकाचे त्याने केलेले वर्णन असे आहे : फटक्यांनी हाडे उघडी पडल्यावर जखमांवर व्हिनेगर आणि मीठ ओतले आणि मग मंद आचेच्या जाळीवर ठेवले. ही गोष्ट ३०३ सालची. त्याही आधी, १७७ मध्ये, गॉल प्रांतातल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, ल्योनमध्ये आत्तालुस नावाच्या ख्रिस्ती माणसाला तापवलेल्या लोखंडी खुर्चीवर बसवले होते. ख्रिस्ती लोक माणसे खातात अशी तेव्हा अफवा होती. तेव्हा अंगाचा वास उठल्यावर तो जमावाला म्हणाला की माणसे खाणे ते हे, जे तुम्ही करता आहात.

आता मास्तरांच्या बाजूनेही एक पुरावा देतो. ज्युलियन बादशहाच्या काळी, म्हणजे ३६१ ते ३६३ मध्ये, आजच्या तुर्कस्तानातल्या फ्रिजिया प्रांतात तिघा ख्रिस्ती तरुणांना जाळीवर घालण्यात आले, आणि त्यांनी अधिकाऱ्याला सांगितले की भाजलेले मांस खायचे असेल तर आम्हांला दुसऱ्या कुशीवर वळव, नाहीतर अर्धे कच्चे लागेल. ही हकिगत पाचव्या शतकातला इतिहासकार सॉक्रेटिस याने दिली आहे. दोन ठिकाणच्या हुतात्म्यांच्या तोंडी एकच विनोद! जात्यावरच्या ओव्या एका गावाहून दुसऱ्या गावी जातात, तशी ही वाक्येही एका संताकडून दुसऱ्याकडे जात असत. म्हणून ‘उलटवा’ हे वाक्य लॉरेन्सच्या तोंडचे असल्याचा आग्रह मी धरणार नाही. आग धरीन, जाळी ‘शक्य’ या रकान्यात ठेवीन, वाक्य सोडून देईन.

निवृत्त मास्तर

दामासुस यांच्या लेखातील ‘ज्वाला’ मी विचारात घेतल्या नव्हत्या, हे मान्य करतो. तरीही एक सावधगिरी सुचवतो. दामासुस यांच्या पद्यलेखांत हुतात्म्यांच्या यातनांची वर्णने बरीच ठोकळेबाज आहेत, आणि ज्वाला हा त्यातला ठरलेला अलंकारही असू शकतो.

कवींवर किती विसंबावे याचे उदाहरण याच कथेत आहे. स्पेनचा ख्रिस्ती कवी प्रुदेन्तियुस याने पाचव्या शतकाच्या आरंभाच्या आसपास लॉरेन्सवर ५८४ ओळींचे स्तोत्र रचले. त्यात त्याने सिक्स्तुसला क्रुसावर चढवले आहे. सिप्रियनच्या पत्रात तसे काहीही नाही. ज्या कवीने बिशपचा शेवट बदलला, त्याने डीकनचा बदलला नसेल कशावरून?

मात्र त्याच स्तोत्रातला शहराचा मुख्य अधिकारी मला फार आवडतो. तो ओरडत नाही, मऊ बोलतो. तुमचे धर्मगुरू सोन्याच्या पात्रांतून मद्य अर्पण करतात, रात्रीच्या पूजेला सोन्याच्या दिवट्या असतात असे मी ऐकले आहे, असे तो म्हणतो. नाण्यावर ज्याचे चित्र ते नाणे त्याला द्या, असे तुमच्याच गुरूने सांगितले आहे ना, मग बादशहाचे बादशहाला द्या. ख्रिस्ताचेच वचन तो वसुलीसाठी वापरतो. मोजदाद करायला थोडी मुदत द्या, असे लॉरेन्स नम्रपणे सांगतो आणि मुदत संपल्यावर माणसांची रांग उभी करतो.

ग्रंथकीट

ही मुदतच मला महत्त्वाची वाटते. हुकूम ‘तत्काळ’ होता, बिशप ६ तारखेला गेले, मग लॉरेन्स १० तारखेपर्यंत का राहिला? चर्चच्या मालमत्तेचा हिशेब ज्याच्याकडे आहे त्या माणसाला चार दिवस जिवंत ठेवण्यात सरकारचा फायदा होता. व्हॅलेरियनच्या हुकमात जप्तीची कलमे किती आहेत हे मास्तरांनीच वर दाखवले आहे. सरहद्दींवर तेव्हा सगळीकडे लढाया चालू होत्या. दोनच वर्षांनी, २६० मध्ये, इराणच्या शापूरने खुद्द व्हॅलेरियनला कैद केले. आगीच्या गोष्टीपेक्षा पैशाची गोष्ट मला जास्त खरी वाटते.

अर्थात ती गोष्ट सांगणाऱ्या अँब्रोझ यांचाही त्यात स्वार्थ होता. गॉथ लोकांनी धरून नेलेल्या कैद्यांना सोडवण्यासाठी त्यांनी चर्चची पवित्र पात्रे वितळवून विकली होती आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली होती. तिला उत्तर देताना त्यांनी लॉरेन्सला साक्षीला बोलावले आहे.

आता खुद्द प्रश्नकर्त्यांसाठी एक आकडा. पोप कॉर्नेलियस यांचे २५१ च्या सुमाराचे, म्हणजे लॉरेन्सच्या मृत्यूआधी जेमतेम सात वर्षांचे, एक पत्र युसेबियसने जपून ठेवले आहे. त्यात रोमच्या चर्चची माणसे मोजून दिली आहेत : ४६ धर्मगुरू, ७ डीकन, ७ उपडीकन, ४२ सहायक, भुते काढणारे, वाचक आणि द्वारपाल मिळून ५२, आणि ज्यांचे पोषण चर्च करीत होते अशा विधवा व गरजू १५०० हून अधिक. हे पोषण प्रत्यक्ष पाहण्याचे काम डीकनांचे होते. लॉरेन्सने अधिकाऱ्यापुढे उभे केलेले लोक कवीने कल्पिलेले असतील, पण त्या लोकांची यादी चर्चच्या दप्तरात खरोखर होती.

आचाऱ्याचा मुलगा, कोल्हापूर

या आकड्यावर मी थांबलो. आमच्याकडे पंधराशे पानांचे लग्न म्हणजे काय असते, ते सांगतो. शंभर पानांना भाताचा तांदूळ दहा-अकरा किलो धरला तरी एका वेळेला दीड क्विंटलच्या पुढे जातो. भाजी आदल्या दुपारपासून चिरायला बसतात. कोठीवर जो बसतो त्याच्या हातात वही असते, आणि तेलाचा डबा बाहेर गेला की त्याच्या नावापुढे रेघ ओढली जाते; कारण पंगत अर्ध्यावर असताना तूप संपले तर यजमान आचाऱ्याला विचारत नाहीत, कोठीवाल्याला विचारतात. आणि हे सगळे एका दिवसापुरते. पुढचे चार दिवस आम्ही पाठ धरून झोपतो. ही माणसे तर तेवढ्यांना वर्षभर पोसत होती. सात डीकनांत वाटले तरी एकेकाच्या वाट्याला दोनशेवर माणसे येतात.

मास्तर, डीकन या शब्दाला मराठीत काय म्हणतात? आमच्या माणसांना समजेल असा शब्द हवा आहे.

आजऱ्याची लेक

मराठी बायबलमध्ये ‘सेवक’ असा शब्द आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात पहिल्या सात जणांच्या नेमणुकीची गोष्ट येते, आणि तिचे कारणच जेवणाचे आहे. रोजच्या वाटणीत आमच्या विधवांची उपेक्षा होते, अशी ग्रीक बोलणाऱ्यांनी तक्रार केली, म्हणून पंगतीची व्यवस्था पाहायला सात माणसे निवडली. त्या सातांतला स्टीफन हा पहिला रक्तसाक्षी.

निवृत्त मास्तर

‘सेवक’ बरोबर आहे. पण तुमच्या भटारखान्यात सांगायचे असेल तर मी ‘कोठावळा’ म्हणेन. जुन्या मराठीतला हा शब्द कोठार सांभाळणाऱ्याचा आहे आणि या कामाला तो नेमका बसतो.

मंगळवेढेकर, मुक्काम कोल्हापूर

‘कोठावळा’ हा शब्द वाचून राहवले नाही. आमच्या मंगळवेढ्याचे संत दामाजीपंत हे बिदरच्या बादशहाचे अधिकारी होते. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारे उघडून धान्य लोकांना वाटले. बादशहाने जाब विचारायला पकडून नेले, तोवर विठोबाने विठू महाराचे रूप घेऊन दरबारात धान्याची रक्कम भरली आणि पावती घेतली, अशी कथा लहानपणापासून ऐकत आलो. दोन्हीकडे कोठार आहे, भुकेली माणसे आहेत आणि हिशेब मागणारा बादशहा आहे.

फरकही तितकाच मोठा आहे. दामाजीपंतांनी वाटले ते सरकारचे धान्य होते आणि त्याचा पैसा देवाने चुकता केला, म्हणून ते सुटले. लॉरेन्सकडे होते ते चर्चचेच धन होते, आणि त्याची पावती घेऊन कोणी आले नाही. आमच्या कथाकारांना पंत जिवंत राहायला हवे होते. रोमच्या कथाकारांना, वरची सगळी चर्चा वाचता, तसे काही वाटले नसावे असे दिसते.

आकाशवेडा

विषयाला धरूनच एक छोटी भर. दर वर्षी ऑगस्टमध्ये ययाती तारकासमूहाच्या दिशेने उल्कावर्षाव होतो. स्विफ्ट-टटल धूमकेतूने मागे सोडलेल्या धुळीतून पृथ्वी जाते तेव्हा तो दिसतो. त्याचा भर सध्या १२-१३ तारखेला असतो, पण तो १० तारखेच्या आसपासही दिसत असल्याने युरोपात त्याला ‘संत लॉरेन्सचे अश्रू’ म्हणतात. इटलीत काही जण त्या उल्कांना जाळीखालून उडालेल्या ठिणग्या मानतात. आपल्याकडे त्या दिवसांत पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे निघालेली असते, त्यामुळे कोल्हापुरातून हे अश्रू मला आजवर एकदाच, ढगांच्या फटीतून, दोन मोजता आले.

ग्रंथकीट

१० ऑगस्ट ही तारीख नकाशावरही उमटली आहे. १५०० साली पोर्तुगीज दर्यावर्दी दियोगु दियश याला मादागास्कर बेट दिसले ते याच दिवशी, म्हणून पोर्तुगीजांनी त्याला ‘सांव लोरेन्सू’ नाव दिले. कॅनडातले सेंट लॉरेन्सचे आखात आणि नदी ही नावेही जॅक कार्त्ये याने १५३५ मध्ये याच दिवशी एका उपसागराला दिलेल्या नावातून आली. स्पेनच्या दुसऱ्या फिलिपच्या सैन्याने १५५७ मध्ये सां कांतँची लढाई याच तिथीला जिंकली, आणि त्या स्मरणार्थ १५६३ ते १५८४ या काळात माद्रिदजवळ एस्कोरियालचा मठ-राजवाडा या संताच्या नावाने बांधला. त्याचा आराखडा चौकोनी अंगणांचा असून तो जाळीसारखा मुद्दाम आखला, असे लोक सांगतात. स्थापत्याचे अभ्यासक त्याला इतरही कारणे देतात, पण नकाशा वरून पाहिला तर तुमच्या मामांची जाळी दांड्यासकट दिसते, हे खरे.

निवृत्त मास्तर

तर आपल्या मूळ प्रश्नांपुरते बोलायचे तर माणूस खरा, साल २५८, बादशहा व्हॅलेरियन, पद डीकन. आग की तलवार यावर ग्रंथकीट आणि मी एकमत होणार नाही, आणि व्हायची घाईही नाही. त्या वाचनवेड्या गृहस्थांना एवढे जरूर सांगा की अक्षर गळाल्याची गोष्ट हादेखील एक तर्कच आहे; ‘आस्सुस’ असे लिहिलेली ती मूळ चुकीची प्रत कोणी दाखवलेली नाही.

आचाऱ्याचा मुलगा, कोल्हापूर

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी हा सगळा मजकूर मामांना वाचून दाखवला. ‘उलटवा’ हे वाक्य कदाचित लॉरेन्सचे नसेल, हे ऐकून ते जरा गप्प झाले. मग पंधराशेचा आकडा त्यांनी दोनदा विचारून घेतला, आणि पणजीच्या भटारखान्यात आपण एका वेळी जास्तीत जास्त किती पाने काढली होती याची गोष्ट अर्धा तास सांगितली.

तसबीर मी उतरवून पुसली. मागच्या कागदावर डेसियस खोडून व्हॅलेरियन लिहायला पेन काढले होते, पण मामांनी हात धरला. पणजीच्या माणसांनी चिकटवलेला तो कागद जसा आहे तसाच ठेव, असे त्यांचे म्हणणे. म्हणून त्याच्या खाली दुसरा कागद चिकटवला आहे. त्यावर वहीतल्यासारखे लिहिले आहे : लॉरेन्स, रोमचा कोठावळा, १० ऑगस्ट २५८, पाने १५००.